ताप उरकलेली माणसं

६ मार्च

पोचलो एकदाचे. मी, भिंगरी, दोन ट्रंका, शिलाई मशीन आणि भिंगरीने शेवटच्या क्षणी काखोटीला मारलेली उशी. सात वर्षांची झाली तरी तिला दुसऱ्या उशीवर झोप येत नाही, आणि आली की ती रात्रभर बिछान्यावर गोल फिरते. खरं नाव आता फक्त शाळेच्या दाखल्यावर उरलंय. ह्यांची बोट परवा सुटली. म्हणजे पुढचे सहा-सात महिने नवरा फोनमध्ये. म्हणून तर मी राहत्या घरासकट मिळणारी ही नोकरी धरली.

फुलांची नर्सरी म्हटल्यावर मला वाटलं होतं, चार वाफे आणि एक झारी असेल. इथे काचघरांची रांगच्या रांग आहे. आत शिरलं की चष्म्यावर वाफ धरते. सगळीकडे पाणी ठिबकत असतं. कुंड्यांखाली बशा, बशांत पाणी, पाण्यात वरून आलेलं ऊन. शेवटच्या काचघरामागे कामगारांची घरं आणि घरांच्या तोंडाशी माझा दवाखाना. दोन खाटा, फ्रीज, वजनकाटा आणि एक कपाट, ज्याचं कुलूप नुसतं शोभेला आहे. डॉक्टर शहरातून आठवड्यातून एकदा येतात. बाकीचे दिवस मीच नर्स, मीच कंपाउंडर, मीच झाडूवाली. मला हे फार आवडलं. डोक्यावर कुणी बसलं की माझं डोकं फिरतं, हे जुन्या हॉस्पिटलात विचारा कुणालाही.

स्वागताला अक्का आली होती. ती काचघरांची मुकादम. साठीची, ठेंगणी, मातीने हात कायमचे काळे पडलेले, आणि मॅनेजरसाहेबांपासून सगळे तिला अक्काच म्हणतात. तिने आमच्यासाठी चूल पेटवून, पाणी भरून ठेवलं होतं. भिंगरीला वरपासून खालपर्यंत न्याहाळून तिने मला विचारलं की पोरीचा ताप उरकलाय का. मी म्हटलं, ताप नाहीच तिला. ती हसली आणि म्हणाली की मग उरकून घेऊ, घाई नाही.

११ मार्च

आज कळलं, आणि माझा पारा असा चढला की अजून उतरलेला नाही.

सातव्या काचघराच्या टोकाला एक खोली आहे. दुहेरी जाळी, दोन दारं, मधे पडदा. मला वाटलं डास बाहेर ठेवायला केलीय. उलटं आहे. डास आत ठेवायला केलीय. आत पाण्याचं पिंप आहे, पिंपात अळ्या, आणि भिंतीवर पांढऱ्या पट्ट्यांच्या पायांचे ते दिवसा चावणारे डास.

इथे दर उन्हाळ्याच्या शेवटी ताप येतो. हाडं मोडणारा, डोळ्यांमागे ठणकणारा, अंगावर लाल पुरळ उठवणारा. डासातून येतो. एकदा येऊन गेला की पुन्हा येत नाही, असा इथला अनुभव. म्हणून कुणाला ताप आला की त्याला दुपारी जाळीच्या खोलीत बसवतात, डासांना त्याचं रक्त पिऊ देतात, आणि पंधरवड्याने नव्या माणसांना बाह्या वर करून तिथेच बसवतात. बियाणं निवडत बसायचं, गप्पा मारायच्या, चावून घ्यायचं. हंगामाच्या आधी, हवा बरी असताना, दवाखाना रिकामा असताना. ह्याला म्हणतात ताप उरकणं.

मी अक्काला सांगितलं की हा शुद्ध वेडेपणा आहे आणि मी डॉक्टरांकडे तक्रार करीन. ती रागावली नाही. माझ्या हातात गुळगुळीत निवडलेलं बियाणं ठेवून म्हणाली की कर, डॉक्टरांनाही माहीत आहे.

१९ मार्च

डॉक्टर आले होते. थकलेला, सज्जन माणूस आहे. खोलीचा विषय काढला तर ते खिडकीबाहेर बघायला लागले. म्हणाले की ते त्या खोलीत कधी गेलेले नाहीत, आणि त्यांच्या काळात ह्या वस्तीत तापाने एकही माणूस दगावलेला नाही. शेजारच्या दोन वस्त्यांमध्ये दर वर्षी दगावतात.

मग अक्काचं कळलं. नळवाले काकांनी सांगितलं. ते इथल्या पाइपांचं काम बघतात, जुने आहेत. ही खोली नव्हती तेव्हा एका हंगामात सगळी वस्ती एकदम आडवी झाली. पाणी पाजायला उभा माणूस नव्हता. त्यात अक्काचा मुलगा गेला, अकरा वर्षांचा. त्यानंतर तिने ती जाळी स्वतःच्या हाताने ठोकली.

मी रात्री उलटसुलट विचार केला. शास्त्र काही वेगळं सांगत नाही. विषाणू पहिल्यांदा आला की शरीर आधी आरडाओरडा करतं, तोच ताप. त्या गोंधळात शत्रूला वेळ मिळतो. मग हळूहळू त्याच्या मापाचे पहारेकरी तयार होतात, शत्रूला नेमके चिकटणारे. लढाई संपली की त्यातले थोडे रक्तात राहतात, चेहरा लक्षात ठेवून. ह्या तापाला मारणारं औषध नाही. काही विषाणूंवर गोळ्या आहेत, त्या त्याच्या प्रती काढायच्या कामात काडी घालतात. ह्याच्यासाठी ती काडी कुणाला सापडलेली नाही. लस इकडे पोचलेली नाही. पाणी पाजा, साधी तापाची गोळी द्या, दुखण्याच्या जहाल गोळ्या देऊ नका, रक्त वाहतं. संपलं आमचं वैद्यक. मग उरतं काय, तर ती आठवण. काट्याने काटा काढायचा.

आणि भिंगरी इथे राहणार म्हणजे तिला तो कधी ना कधी चावणारच. भर हंगामात, दवाखाना भरलेला असताना चावण्यापेक्षा माझ्या डोळ्यांसमोर, माझ्या हाताशी चावलेला बरा. नाही का?

ह्यांना फोनवर सांगितलं नाही. समुद्रावरचा माणूस काळजीशिवाय दुसरं काय करणार.

१४ एप्रिल

झालं. दोघी पार पडलो.

माझा ताप तीन दिवस. भिंगरीचा चार. हाडं अशी दुखली की कुशीवर वळताना मी अक्काला चार शिव्या हासडल्या, आणि तिने त्या हसत ऐकून घेऊन माझ्या तोंडाला पाण्याचं भांडं लावलं. भिंगरीच्या अंगावर पुरळ उठलं तर ती आरशासमोर उभी राहून ठिपके मोजत होती. आज ती सकाळपासून काचघरांच्या मधल्या वाटेवर पळतेय आणि भेटेल त्याला सांगतेय की माझा उरकला.

वस्तीत रीत आहे की ताप उरकलेल्याला प्रत्येक घरातून एक फूल द्यायचं. आमच्या खोलीत आता बादल्यासुद्धा फुलांनी भरल्यात. न उरकलेले फक्त मॅनेजरसाहेब राहिलेत. दोन वर्षं टाळाटाळ चाललीय. बायका त्यांना तोंडावर काचेचं भांडं म्हणतात. मीही आज म्हटलं. जो घाबरला तो मेला, असं वर ऐकवलं.

मला किती हलकं वाटतंय. माझ्या लेकीला आता काही होणार नाही.

१२ ऑक्टोबर, पुढचं वर्ष

ट्रंक उपसताना वही सापडली. दीड वर्ष झालं, एक ओळ लिहिलेली नाही. सुखात माणसाला वही आठवत नाही. हे दोनदा येऊन गेले, भिंगरी दुसरीतून तिसरीत गेली, समोरचे दात पडून नवे आले. दोन हंगाम तापाशिवाय सुरळीत गेले, फक्त नव्या माणसांचे उरकले तेवढेच.

पण ह्या वर्षी एक अडचण होती. ताप विझला. उन्हाळ्यात कुणालाच आला नाही, खोलीतले डास कोरे. पॅकिंगला दोघी बहिणी नव्या लागल्यात, आणखीही काही न बसलेले आहेत. अक्काला घोर लागला होता की हा नुसता दम धरून बसलाय, एकदम येईल.

गेल्या आठवड्यात तोडगा आपण होऊन दारात आला. कुंड्या घेऊन लांबून आलेला ट्रक बंद पडला आणि ट्रकवाला तापाने फणफणलेला. मी त्याचं रक्त तपासणीच्या पट्टीवर घेतलं. तीच रेघ उमटली, आपल्याच तापाची. अक्काला आनंद झाला. मलाही झाला. तो बिचारा थरथरत होता. मी त्याला समजावलं की आत सावली आहे, गार आहे, आणि त्याचा हात धरून मी स्वतः त्याला जाळीच्या खोलीत नेऊन बसवलं.

तीन दुपारी बसला. आज बरा होऊन गेला. जाताना सगळ्यांनी फुलं दिली.

२७ ऑक्टोबर

पॅकिंगच्या बहिणी परवापासून बसतायत. धाकटी रडली थोडी. उरकलेल्यांना खोलीची भीती नाही, त्यामुळे ऊन चढलं की तिथे मैफलच भरते. अक्का तर असतेच. नळवाले काका पिंपात पाणी सोडायला येतात ते तासभर रेंगाळतात. भिंगरी शाळेतून आली की दप्तर टाकून तिकडेच पळते. अक्काजवळ बसून बियाणं निवडते, दंडावर डास बसला तरी हलत नाही, नव्या मुलींना दाखवते की बघा, मला काही होत नाही.

मी एकदा विचार केला की उगाच कशाला. मग वाटलं, उन्हात हुंदडण्यापेक्षा बरं.

३ नोव्हेंबर

अक्काला ताप आलाय.

साधा सर्दीचा असेल. घसा बघितला, लाल नाही. म्हणतेय डोळ्यांमागे ठणकतंय. मी म्हटलं, वय झालं तुझं. हसली. पट्टी लावून बघणार होते, ती म्हणाली वाया घालवू नकोस, माझा उरकून तीस वर्षं झाली.

बहिणींनाही ताप आलाय, पण तो यायचाच होता.

५ नोव्हेंबर

पट्टी लावली. तिला न विचारता.

तीच रेघ. आपल्याच तापाची. दुसरी पट्टी लावली. तीच.

पट्ट्या खराब असतील. फ्रीज मधे बंद होता का, विचारायला हवं. अक्काला सांगितलं नाही. तिने मात्र माझ्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघितलं.

७ नोव्हेंबर

उतरला. सकाळी अंग गार, घाम फुटलेला, थर्मामीटर अगदी बरोबर. वस्तीत सगळ्यांनी सुस्कारा सोडला. दुपारपर्यंत फुलं यायला लागली. नळवाले काका स्वतः कणकणत होते तरी फूल घेऊन आले आणि म्हणाले की अक्काचा दोनदा उरकला, आता तिला यमसुद्धा भिणार. मी मोठ्याने हसले. इतका ताण गेला की हसताना डोळ्यांत पाणी आलं.

अक्का मात्र हसली नाही. म्हणाली पोटात दुखतंय. हात गार लागत होते तिचे.

८ नोव्हेंबर

अक्का गेली.

लिहून ठेवायला हवं, नाहीतर मला खरं वाटणार नाही. काल दुपारी तिला उलट्या सुरू झाल्या. हिरड्यांतून रक्त. जिथे मी रक्तदाबाचा पट्टा आवळला होता तिथे दंडावर बारीक लाल टिपके उठले. नाडी इतकी बारीक की सापडेना. मी सलाईन लावलं, गाडी बोलावली, शहराच्या वाटेवर अर्ध्यात तिने माझ्याकडे बघून विचारलं की माझा उरकला होता ना. मी हो म्हटलं.

बाहेर एक घडा पाणी सांडलं नाही, फारसं रक्त सांडलं नाही, आणि बाई आतल्या आत कोरडी पडली. ताप नव्हता. शेवटपर्यंत ताप नव्हता.

११ नोव्हेंबर

नळवाले काका. काल ताप उतरला. आज पहाटे गेले. त्यांनी दुकानातून अंगदुखीच्या गोळ्या आणून खाल्ल्या होत्या, माझ्यापासून लपवून. त्यांची बायको खाट धरून आहे. शेजारचे दोघे आडवे आहेत.

पॅकिंगच्या बहिणी मात्र उठल्या. धाकटी आज जेवली, केस विंचरत बसली होती. मॅनेजरसाहेबांनाही चावला कुठेतरी. ताप आला, पुरळ उठलं, बरे झाले, आज ऑफिसात आलेत. काचेचं भांडं.

ते बरे झाले. अक्का नाही झाली.

मला काहीतरी दिसतंय आणि मी तिकडे बघत नाहीये.

१२ नोव्हेंबर

बसलेले जातायत. न बसलेले उठतायत.

डॉक्टर आले. ह्या वेळी खिडकीबाहेर बघितलं नाही. म्हणाले की ह्या विषाणूला सख्खी भावंडं आहेत, चेहरेपट्टी एक, पट्टीवर रेघही एकच. ट्रकवाल्याने दुसरा भाऊ आणला. त्यांना भावंडं असल्याचं ठाऊक होतं, पण इतक्या वर्षांत इकडे कुणी आलं नव्हतं, म्हणून बोलले नाहीत.

मी विचारलं, मग जुने पहारेकरी? निदान थोडे तरी उपयोगी पडतील? मग म्हणाले की पहिलं वर्षभर पडतात. रक्तात भरपूर असतात तेव्हा भावालाही अडवतात. पुढे पातळ होतात. मग ते त्याला ओळखतात पण अर्धवट, धरतात पण मारू शकत नाहीत. पकडलेलं गिळणाऱ्या पेशी असतात, त्यांच्याकडे तसाच जिवंत नेऊन देतात. त्या त्याला आत घेतात. आणि त्याला नेमकं तिथेच जायचं असतं, वाढायला. ज्याला कधी ताप आलाच नाही त्याच्यात त्याला वाट शोधावी लागते. उरकलेल्यांमध्ये त्याला हात धरून आत नेतात.

कुंपणच शेत खातं म्हणे. मी रोज ऐकलेली म्हण आहे ही.

आणि ताप उतरतो तेव्हा विषाणू बराचसा संपलेला असतो. आपलंच सैन्य उधळलेलं असतं. त्याने रक्ताच्या नळ्या झिरपायला लागतात. म्हणून उतरला की खरा धोका.

किती वर्षांनी पातळ होतात, मी विचारलं. दीड, दोन, म्हणाले.

भिंगरीला दीड वर्ष होऊन गेलं.

त्याच दुपारी मी आणि मॅनेजरसाहेबांनी पिंप उलथून टाकलं. जाळीला आग लावली. धुरातून डास बाहेर उडताना दिसत होते.

१३ नोव्हेंबर

भिंगरीला लांब बाह्यांचं घातलंय, खिडक्या बंद. तिला राग आलाय. तिचे हात, मान, पावलं तपासली. जुने चावे आहेत. किती जुने ते कळत नाही. माझ्या अंगावर एक नाही. माझा उरकल्यापासून मी त्या खोलीत कधी बसायलाच गेले नाही, मला वेळ नव्हता.

मला चाव ना. मला चाव.

१४ नोव्हेंबर

दुपारी शाळेतून आली. दप्तर ठेवलं. पळाली नाही. भिंतीला टेकून बसून राहिली.

मी स्वयंपाकघरातून हाक मारली, ओ दिली, उठली नाही. मी तिथेच उभी होते, ओट्याला धरून. बाहेर जाऊन तिच्या कपाळाला हात लावायचा होता. पाय उचलेना.

लावला.

१५ नोव्हेंबर

शहरातलं हॉस्पिटल. मुलांचा वॉर्ड, खिडकीजवळची खाट. डॉक्टरांनी ओळखीने मिळवून दिली. वॉर्ड भरलाय. वस्तीतली आणखी दोन मुलं इथेच आहेत. त्यांच्या आया माझ्याशी बोलत नाहीत. त्यांना मीच सांगितलं होतं गेल्या वर्षी, बसवा म्हणून. नर्स आहे मी, माझं ऐकलं त्यांनी.

रक्त तपासलं. रेघ. आणि दुसरी रेघही, जुन्या पहारेकऱ्यांची. आहेत तिच्यात. पातळ आहेत. आहेत.

काय द्यायचं, तर पाणी. मोजून. कमी पडलं तर नाडी जाते, जास्त झालं तर छातीत साचतं, श्वास कोंडतो. मला सगळं माहीत आहे. माहीत असण्याचा काही उपयोग नाही.

ह्यांचा फोन येतोय सारखा. एकदा घेतला. सगळं सांगितलं, खोलीसकट. मग त्यांनी विचारलं की तू तिला आत नेलंस? मी हो म्हटलं. ते म्हणाले, मला का नाही विचारलंस. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

१६ नोव्हेंबर

ताप जोरात. अंग निखारा. गुंगीत विचारते की अक्का कुठेय.

मी पट्ट्या ठेवत नाही कपाळावर. सिस्टर म्हणाल्या ठेवा, बरं वाटेल तिला. मी ठेवल्यासारखं करते, काढते. ताप असेपर्यंत ती इकडे आहे. वेडेपणा आहे हा, ताप धरून ठेवता येत नाही — येत नाही हे मला ठाऊक आहे — तरी गोळी द्यायची वेळ झाली तर मी हात मागे घेतला — मग दिली. दिलीच. डोळे उघडून रडत होती दुखतंय म्हणून.

वस्तीतल्या दोघांपैकी मोठा — सकाळी त्याचा उतरला. त्याची आई पेढा मिळाल्यासारखी हसली. मी तिच्याकडे बघितलं. तिला कळलं मी का बघतेय. हसू तसंच राहिलं चेहऱ्यावर, बराच वेळ.

संध्याकाळी त्याची खाट मोकळी —

१७ नोव्हेंबर

दर तासाला रक्तदाब. बोटांची नखं दाबून बघते, लाली परत यायला किती वेळ लागतो. येते. अजून येते.

प्लेटलेट घसरल्या.

म्हणाली आई, माझा उरकला होता ना. अगदी अक्कासारखं. तेच शब्द.

मी हो म्हटलं. काय म्हणू —

पोटावर हात ठेवू देत नाही. विचारलं दुखतंय का. मान हलवली. हो की नाही, कळलं नाही. पुन्हा विचारायचा धीर —

१८ नोव्हेंबर

सकाळी कपाळ गरम. देवा, गरम. असू दे. आजचा दिवस असू दे.

मी तिच्या खाटेवरच बसलेय, एक हात तिच्या मानेखाली. म्हणजे कळेल. लिहायला एकच हात.

गोल फिरत नाही झोपेत. सरळ आहे. मीच तिला कुशीवर वळवते —

डॉक्टर राउंडला यायचेत. सिस्टर दुसऱ्या टोकाला. हाक मारली तर येतील. सलाईन ठिबकतंय. थेंब. थेंब.

मानेखाली ओलं लागतंय. सलाईन गळतंय का — नळी नीट आहे —

ओलं. हात ओला झालाय माझा.

नाही.

थोडी गरम आहे अजून. आहे. माझा हात गार असेल म्हणून —

शेजारच्या खाटेवरच्या मुलाच्या आजी उठून आल्या. चांगल्या आहेत, कालपासून माझ्यासाठी जागतायत. त्यांना नका लावू हात म्हणायचं होतं. लावला. कपाळाला, मग गालाला. वळून सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल असं हसल्या. म्हणतायत, रडतेस काय अशी, बघ तरी, घाम फुटला पोरीला, सुटलीस, ताप उत—